नळदुर्गी वेल्श

नळदुर्गात वेल्श भाषेच्या प्रसाराचं मंडळ निघालं तेव्हा त्याचा चिटणीस मी होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं, "तुझं नाव घातलं आहे." मी त्यांचा विद्यार्थी. पुढं त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, सर निवृत्त झाले, माझे केस पिकले, तरी ते समोर दिसले की माझा हात आपोआप खिशातून बाहेर येतो. त्यामुळं मी एवढंच विचारलं, "कशात घातलंय, सर?"

"वेल्शमध्ये."

मला वाटलं, नवी पतसंस्था असेल.

सर आम्हाला मराठी शिकवायचे. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. निळं हजेरीपुरतं. लाल पेन मात्र साऱ्या गावावर चालायचं. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी घरी गेलं की सर त्याला बसवायचे, पाणी द्यायचे, पत्रिका वाचायचे आणि चुका दुरुस्त करून त्याच्याच हातात परत द्यायचे. एकदा गावातले एक जुने व्यापारी वारले. घरासमोर फलक लागला. फोटो, फुलांची माळ आणि खाली 'भावपूर्ण श्रध्दांजली'. सर भेटायला गेले, फोटोला हात जोडले आणि मग त्यांनी स्टूल मागितलं. घरच्यांना वाटलं, हार घालायचा असेल. सरांनी स्टुलावर चढून लाल पेनानं 'ध्द' खोडला आणि शेजारी 'द्ध' लिहिला. थोरल्या मुलानं स्टूल धरून ठेवलं होतं. खाली उतरून सर त्याला म्हणाले, "आता शांती मिळेल." कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्याकडची मराठी म्हणजे निजामाच्या काळापासून उर्दू मुरलेली, आणि हमरस्त्यानं हैदराबादच्या दिशेनं थोडं पुढं गेलं की तिच्यात कानडीही मिसळते. सर स्वतः ईट नावाच्या खेड्यातून आलेले, तरी त्यांना ती म्हणजे घरात पसरलेला पसारा वाटायची. वर्गात 'दवाखाना' म्हणायची सोय नव्हती. आमच्यातल्या एकाचं पोट दुखायला लागलं. तो म्हणाला, "सर, मला दवाखान्यात जायचंय." सर म्हणाले, "कुठे?" तो म्हणाला, "दवाखान्यात." सर म्हणाले, "कुठे?" त्याला 'रुग्णालय' आठवेपर्यंत दुखणं थांबलं नाही आणि तो पहिल्या बाकावर ओकला. मग सरांनी त्याला कागदानं पुसायला सांगितलं. कागद हा शब्द कुठून आला, ते विचारायची आमची छाती नव्हती.

सरांची एकुलती एक मुलगी परिचारिका झाली. नर्स हा शब्द त्या घरात चालत नव्हता. नोकरीसाठी ती वेल्सला गेली. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला, डोंगरांचा आणि मेंढरांचा छोटासा देश. तिथली जुनी भाषा वेल्श, इंग्रजीपेक्षा पार निराळी. तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. गावाला वाटलं, आता सर आकाशपाताळ एक करणार. सरांनी हरकत घेतली ती पत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घाला.

पुढं सर तीन महिने लेकीकडं राहून आले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या नाहीत. "इमानात मांडी घालून बसू देत न्हाईत म्हनं," असं त्यांनी मला दारात, सर आतल्या खोलीत असल्याची खात्री करून, हळूच सांगितलं.

तिथं लेकीच्या गावात ग्रंथालयाच्या एका खोलीत आठवड्यातून एकदा म्हाताऱ्या जमायच्या. चहा प्यायचा, बिस्किटं खायची आणि फक्त वेल्श बोलायचं, एवढाच कार्यक्रम. मरायला टेकलेली भाषा असं गप्पा मारून, गाणी म्हणून, गावातल्या दुकानांवर पाट्या लावून ती मंडळी जगवत होती. सर सहज म्हणून डोकावले आणि तिथंच बसले. मोबाइलवरून त्यांनी रोज धडे घ्यायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात त्यांनी उभं राहून मोडकंतोडकं एक वाक्य म्हटलं तर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुकलेल्या वाक्याला टाळ्या! सरांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. ते इतके भारावले की परत आले ते दीक्षा घेऊनच.

पहिल्या सभेला समाजमंदिरात बरीच माणसं जमली. जुने विद्यार्थी भीतीनं आले होते, बायका कुतूहलानं, आणि मागं बसलेल्या दोन तरुणांना ही भाषा आली की व्हिसा लवकर मिळतो का, ते जाणून घ्यायचं होतं. सर म्हणाले, "इंग्रजांनी वेल्श लोकांची भाषा दडपली. त्याच इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं. आपण त्यांच्या मदतीला धावायला नको का?"

बब्रुवाननं हात वर केला. बब्रू शाळेत माझ्याबरोबर शिकलेला. हमरस्त्यावर त्याचा ढाबा आहे. "सर, पण आपल्यावर निजाम व्हता की."

"विषयांतर करू नकोस," सर म्हणाले.

मंडळाचा पहिला नियम, सकाळी भेटेल त्याला वेल्शमध्ये 'सुप्रभात' म्हणायचं. वेल्शमध्ये त्याला म्हणतात 'बोरे दा'. दुसऱ्या दिवशी सर सकाळी चौकातून निघाले. थंडीचे दिवस होते, कोपऱ्यावर बोरं विकणारी बाई पाटी मांडून बसलेली. सर ताठ उभे राहिले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "बोरे दा!" तिनं ओंजळभर बोरं काढून त्यांच्या पुढं धरली. सरांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, "बोरे दा!" तिनं आणखी मूठभर टाकली. मग सरांनी तिला वेल्स, इंग्रज, दडपशाही सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मास्तर, तुमाला फुकट पायजेत का? तर तसं म्हना. एवढं लांबनं कशाला येताव?"

ढाब्यावरचा वेल्श चहा हा दुसरा उपक्रम. रविवारी सकाळी ट्रकवाल्यांची गर्दी ओसरली की दोन खाटा आमच्यासाठी राखून ठेवलेल्या असायच्या. तिथं सगळं वेल्शमधून मागायचं. आता वेल्शमध्ये पाण्याला म्हणतात 'दूर' आणि भाकरी-पोळीला, म्हणजे पिठाच्या भाजलेल्या कुठल्याही पदार्थाला, 'बारा'. सरांनी वाढप्याकडं बघून 'दूर' म्हटलं की तो बिचारा दोन पावलं मागं सरकायचा. पुन्हा 'दूर' म्हटलं की आणखी मागं. शेवटी तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. आणि 'बारा' म्हटल्यावर काय झालं ते सांगायला नको. बारा रोट्या आल्या, त्या आम्ही पाच जणांनी कशाबशा संपवल्या. बब्रू गल्ल्यावरून खुशीत म्हणाला, "सर, भाषा चांगली हाय. धंद्याची हाय."

वेल्शमध्ये एक अक्षर आहे, जीभ टाळूला लावून दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा, असा त्याचा उच्चार. सर म्हणायचे, हा आपल्या 'ळ'चा धाकटा भाऊ. हा धाकटा भाऊ सरांच्या तोंडून निघाला की समोरच्याचा चष्मा पुसावा लागायचा. भजनी मंडळाकडून त्यांनी एक वेल्श गीत बसवून घेतलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या टाळकऱ्यांनी उपरणी गुडघ्यावरून उचलून छातीवर घेतली. सरांना टाळ आणि पखवाज नको होता. टाळकरी म्हणाले, मग आमी हातांचं काय करावं? शेवटी गीत पखवाजावरच बसलं. चाल कुठं गेली ते विचारू नका, पण तिसऱ्या कडव्यानंतर माणसं उभी राहून डोलायला लागायची.

तिकडं म्हणे कवींचा मोठा मेळा भरतो आणि जिंकणाऱ्या कवीला बक्षीस म्हणून खुर्ची देतात. सरांना ही कल्पना फारच आवडली. सुतारापुढं बसून त्यांनी सागवानी खुर्ची करवून घेतली, पाठीवर कोरीव काम, हातांना पॉलिश. शाळेच्या पटांगणात मांडव घातला आणि व्यासपीठाच्या मधोमध ती खुर्ची ठेवली. आता आमच्या भागात व्यासपीठाच्या मधोमध एवढी भारी खुर्ची मोकळी दिसल्यावर ती मोकळी कशी राहणार? आमच्या प्रभागाचे नगरसेवक आले, गळ्यात हार घालून घेतला आणि खुर्चीत बसले. एकेक कवी येऊन वाचून गेला. नगरसेवक मान डोलावत होते, मधूनच मोबाइल बघत होते. निकाल लागला. तामलवाडीचा एक तरुण शिक्षक जिंकला. सर नगरसेवकांजवळ जाऊन हात जोडून म्हणाले, "आपण आता उठावे."

"का बरं?"

"ही खुर्ची कवीची आहे."

नगरसेवक मोठ्यानं हसले. माइक हातात घेतला. "मास्तर, ह्या खुर्चीवरनं उठा म्हननारे लई बघितले. निवडणुकीला उभे ऱ्हावा, मग बोलू." मांडव टाळ्यांनी दणाणला. कवीनंही टाळ्या वाजवल्या, मी बघितलं. त्याला शाल आणि नारळ दिला. कार्यक्रम संपल्यावर नगरसेवकांच्या माणसांनी खुर्ची टेम्पोत घातली. ती सत्कारातच धरलेली आहे, असा त्यांचा समज झाला होता. आभाराच्या फलकावर 'नगरसेवक' शब्दातला 'व' खाली सरकला होता, तेवढा सरांनी जाता जाता नीट केला.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. समाजमंदिरात भरणाऱ्या वेल्शच्या वर्गात सर आले ते हळवे होऊनच आले होते. पेन खिशात ठेवून ते म्हणाले, "आज मी तुम्हाला या भाषेवर काय अत्याचार झाले ते सांगणार आहे." आणि त्यांनी सांगितलं. जुन्या काळी तिथल्या शाळेत एखाद्या पोरानं वेल्श शब्द काढला की मास्तर त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचा. दुसरा कुणी वेल्श बोलला की पाटी त्याच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी असेल त्याला छड्या.

सरांचा आवाज कापायला लागला. "विचार करा. आईने शिकवलेला शब्द तोंडातून निघाला म्हणून शिक्षा! त्या चिमुकल्या जिवाला काय वाटले असेल?" त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले.

समाजमंदिरात आम्ही बसलो होतो ते जवळजवळ सगळे सरांच्या हाताखालून गेलेले. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. कारण शाळेत सरांच्या वर्गात फळ्याशेजारी एक खिळा होता आणि त्या खिळ्याला सुतळीत ओवलेला पुठ्ठा. त्यावर लिहिलेलं, 'मी अशुद्ध बोलतो.' न्हाय म्हटलं की गळ्यात. व्हय म्हटलं की गळ्यात. म्या, तुमी, समदं, कुठल्याही शब्दाला तो चालायचा. माझ्याही गळ्यात यायचा, पण बब्रूच्या गळ्यात त्याचा मुक्कामच असायचा. एकदा शाळा सुटल्यावर काढायचं विसरून तो पुठ्ठा घालूनच घरी गेला. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, पोराला शाळेत बक्षीस मिळालं. तिनं तो देवांच्या फोटोशेजारी टांगला, शेजारणीला बोलावून दाखवला. बब्रूनं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सरांनी नवा पुठ्ठा केला.

तो बब्रू आता मागच्या रांगेतून उठला. "सर, आमच्या बी गळ्यात व्हती की."

"काय?"

"पाटी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती वेगळी. ती तुमच्या भल्यासाठी होती."

"त्येंचे मास्तर बी त्येच म्हनत असतील," बब्रू म्हणाला.

सर दोन पावलं पुढं आले. मला खरंच वाटलं की आता काहीतरी होणार. मग ते म्हणाले, "'म्हणत'. बाणातला ण."

बब्रू खाली बसला.

याच सुमाराला बातमी आली की सरांचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, भारत बघायला येणार आहेत आणि तीन आठवडे नळदुर्गात राहणार आहेत. मुलीला रजा नव्हती, ते एकटेच येणार होते. त्यांचं नाव ग्लिन. आयुष्यभर तिकडं बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले. सरांना नवा जोम आला. अस्सल वेल्श माणूस गावात येणार, मंडळाचं काम डोळ्यांनी बघणार! मी विचारलं, "सर, तुमची त्यांची भेट झालीय ना?" दोनदा झाली होती. दोन्ही वेळा सरच बोलत होते.

स्वागताला समाजमंदिर भरलं. दारावर देवनागरीत 'क्रॉइसो', म्हणजे वेल्शमध्ये 'सुस्वागतम्'. ग्लिनराव आले, ठेंगणे, गोल, लालसर चेहऱ्याचे, डोक्यावर फेटा बांधलेला आणि त्याखाली घामाच्या धारा. भजनी मंडळानं गीत म्हटलं, पखवाज घुमला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघितलेस? मायबोली." मग सरांनी वेल्शमधून भाषण केलं. चांगलं लांबलचक. ग्लिनराव हात जोडून, एकाग्र होऊन ऐकत होते. भाषण संपायला आलं तसे ते माझ्याकडं झुकले आणि इंग्रजीत हळूच म्हणाले, "फार गोड आहे हो तुमची मराठी. मधूनमधून एखादा शब्द तर आमच्याकडच्या रस्त्यावरच्या पाट्यांसारखा वाटला."

मी म्हणालो, "ही मराठी नाही. ही वेल्श आहे."

त्यांनी सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "असं होय," ते म्हणाले. "मला वेल्श येत नाही."

हे नेमकं भाषण संपून टाळ्या सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत म्हटलं गेलं. सर व्यासपीठावर तसेच उभे. मग टाळ्या झाल्या, त्या बऱ्याच वेळ चालल्या, कारण बाकी कुणाला इंग्रजी कळलं नव्हतं.

घरी चहा घेताना ग्लिनरावांनी सगळं सांगितलं. आजीला वेल्श यायची. पण तिनं स्वतःच्या मुलाला शिकवली नाही. म्हणायची, ह्या बोलण्यानं मला लोक हसले, तुला तरी नको. शाळेत थोडी शिकवली होती, ती त्यांच्या म्हणण्याप्रमाणं बसच्या डेपोत सांडली. हे सांगताना ते हसत होते, पण कपातला चहा तसाच निवत होता.

सरांनी ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजता. समाजमंदिर. उशीर चालणार नाही."

अशा रीतीनं वेल्सचा माणूस वेल्श शिकायला नळदुर्गात बसला. मागच्या रांगेत, बब्रूच्या शेजारी. दोघांचं जमलं, कारण दोघांनाही ट्रकच्या इंजिनातलं कळायचं. सर त्यांना उभं करायचे, चुकलं की पुन्हा म्हणायला लावायचे. एकदा सरांनी त्यांना स्वतःच्या गावाचं नाव विचारलं. त्या नावात दोन वेळा तो 'ळ'चा धाकटा भाऊ होता. ग्लिनरावांनी ते नाव असं अलगद घेतलं की कुणाच्या अंगावर थेंबही उडाला नाही. सर म्हणाले, "चूक." आणि त्यांचं गाव त्यांना बरोबर म्हणून दाखवलं. ग्लिनरावांनी चेहरा पुसला आणि सरांसारखं म्हणायचा प्रामाणिकपणे प्रयत्न केला.

दुपारी सर झोपायचे. त्या वेळी अंगणात काकू शेंगा फोडत बसायच्या आणि ग्लिनराव त्यांच्यासमोर पाटावर. काकू तामलवाडीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा खूप बोलायच्या म्हणे. सर त्यांना पहिल्याच शब्दावर अडवायचे. "मी म्हण, म्या नव्हे." शब्द नीट करून होईपर्यंत सांगायचं काय होतं ते राहून जायचं. हळूहळू काकूंनी वाक्यं करणंच सोडून दिलं. आम्ही पोरं घरी जायचो तेव्हा त्यांच्या तोंडून 'या', 'बसा' आणि 'चहा ठेवते', एवढंच ऐकू यायचं. या तीन गोष्टी शुद्ध होत्या.

पहिल्या दिवशी मला दुभाषा म्हणून बोलावलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर कुणाला माझी गरज नव्हती. काकू सांगत होत्या, "आन् मंग काय झालं, बैल बुजला. गाडी पलटी. नवरी चिखलात, म्या तिच्या अंगावर, आन् आमचा दादा वरनं वराडतोय, आगं शालू मळला, शालू!" त्या पोट धरून हसत होत्या. ग्लिनरावही हसत होते. मग त्यांनी इंग्रजीत बस उलटल्याची गोष्ट सांगितली आणि काकू म्हणाल्या, "व्हय की! अगदी तसंच!" कसं काय कळत होतं देव जाणे. हा माणूस आपल्याला दुरुस्त करणार नाही, इतकं काकूंना कळलं होतं, आणि बाकीच्याची त्यांना फिकीर नव्हती. सरांची झोप आताशा मोडायची. आतून आवाज यायचा, "'पलटी' नव्हे, 'उलटली'!" काकू हातातली शेंग फोडायच्या आणि पुढं बोलायला लागायच्या.

निरोपाच्या दिवशी पुन्हा समाजमंदिर भरलं. सरांनी ग्लिनरावांना वेल्शमध्ये एक छोटं भाषण लिहून दिलं होतं आणि ते घटवून घेतलं होतं. ग्लिनराव माइकपुढं गेले. कागद उघडला, बघितला, घडी करून खिशात ठेवला. घसा साफ केला.

"राम राम. म्या ग्लिन." त्यांनी काकूंकडं बघितलं. "तुमच्या गावात मला लई बरं वाटलं. विहीनबाईनं लई जेवू घातलं. आता म्या जात न्हाय. येतो."

जो गलका उठला, तसा मी समाजमंदिरात कधी ऐकला नाही. बब्रू बाकावर चढून शिट्ट्या मारत होता. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. सर उठले. माइक हातात घेतला, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "'मी'. 'म्या' नव्हे. आणि 'नाही'. ना-ही."

"बसा खाली."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. काकू उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला, दुसरा हात नुसताच खाली सोडलेला. "समद्यास्नी कळलं त्ये काय म्हनले ते. तुमालाच तेवढं कळंना."

माइक चालू होता, त्यातून सरांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी तोंड उघडलं. वाक्यात दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ होतं, मी मनातल्या मनात चार-पाच जागा मोजल्या. सर बसले.

मंडळ कुणी बंद केलं नाही. पुढच्या रविवारी कुणी गेलं नाही, इतकंच. सर काही दिवस चौकात दिसले नाहीत. दिसले तेव्हा माझ्या हातातल्या शाळेच्या सूचनापत्रावर त्यांनी नजर टाकली, त्यात माझ्या दोन चुका होत्या, आणि ते काही न बोलता पुढं गेले. मला ते बरं वाटलं नाही. सर आजारी आहेत असं मी बब्रूला सांगितलंही.

वर्षभरानं मुलीला बाळ झालं आणि सर आणि काकू दोघंही तिकडं गेले. काकू विमानात मांडी घालूनच बसल्या. हवाई सुंदरीनं काही म्हटलं नाही, असं त्यांनी कळवलं. मधूनमधून त्यांचा व्हिडिओ फोन येतो. मागं ग्लिनराव हात हलवतात आणि "बरं हाय का?" म्हणून ओरडतात. गेल्या महिन्यात फोन आला तो काकू हसतच होत्या.

"आरं पोरा, तुझ्या सरांचं ऐकलं का? त्या ग्रंथालयात आता नवा वर्ग निघालाय, वेल्शचा. नातवंडाला शिकवायची म्हनून ह्ये गेले. शिकवायला एक पोरगी हाय, ह्येंची नात शोभंल एवढी. तिनं त्यास्नी पयल्याच दिशी उभं केलं."

"मग?"

"मंग ह्यांनी झाडलं भाषान. ती म्हनली, आजोबा, असं कुनी बोलत न्हाय. ह्यो शबुद असा न्हाय, तो बी असा न्हाय. एकेक करून समदं भाषान दुरुस्त केलं तिनं. चारचौघांत."

"सर काय म्हणाले?"

"लालबुंद झाले. मेजावर हात आपटला. आन् म्हनले," काकूंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला, "म्हनले, आमच्या नळदुर्गात असंच बोलत्यात!"

"वेल्शमध्ये म्हणाले?"

"आरं, रागात कुठलं वेल्श येतंय! मराठीत."

मला राहवलं नाही. मग विचारलंच, "काकू, सर 'बोलतात' म्हणाले, की 'बोलत्यात'?"

काकू हसायच्या थांबल्या. त्यांनी मागं वळून बघितलं, बहुतेक सर तिथंच कुठं तरी बसले असावेत. मग फोन तोंडाजवळ आणून म्हणाल्या, "'बोलत्यात'च म्हनले रं. हुबेहूब आमच्या ईटच्या सासूबाईवानी."